स्पीकर दुरुस्त झाला

मित्रांनो, मी एक लाऊडस्पीकर आहे. मला जुना म्हणा, हरकत नाही. माझ्या पेटीचे कोपरे झिजलेत, जाळीचं कापड विटलंय, पाठीमागे पालीने अंडी घातली होती त्याचे डाग अजून आहेत. पण मोडका मात्र म्हणू नका. आजही कुणी माझ्या दोन तारा टेपरेकॉर्डरला जोडल्या तर मी बोलेन, आणि स्वच्छ बोलेन. माझं दुःख मोडण्याचं नाही, दुरुस्त होण्याचं आहे. ते कसं, हे कळायला तुम्हाला एका घराची गोष्ट ऐकावी लागेल.

माझा जन्म वसईजवळच्या वालीवचा. तिथे ओळीने पत्र्याचे गाळे होते आणि प्रत्येक गाळ्यात काही ना काही बनायचं. एका गाळ्यात मोठी प्रेस होती. पत्र्याचा तुकडा खाली ठेवायचा, पायाने खटका दाबायचा, की वरून लोखंडाचा ठोकळा धाडकन खाली यायचा आणि पत्र्याची वाटी तयार व्हायची. ती वाटी म्हणजे आम्हा स्पीकरांचा सांगाडा. ती प्रेस चालवणाऱ्या माणसाचं नाव नरहरी. राहायला ते आगाशीला होते. घरची केळीची लहानशी वाडी होती, पण तेवढ्यावर घर चालत नव्हतं, म्हणून रोज वालीवला यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि मीही तेच म्हणतो.

अण्णा दिवसभर त्या धाडधाडीत उभे असायचे. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण घामाने ते ओले होऊन गळून पडायचे. मग त्यांनी ते घालणंच सोडून दिलं. "सवय झाली," म्हणायचे.

शेजारच्या गाळ्यात बायका काम करायच्या. हिल्डा नावाच्या बाईने माझ्या सांगाड्यात चुंबक बसवलं, तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं, त्यावर कागदाचा काळा पडदा चिकटवला. त्या वेटोळ्याला कॉइल म्हणतात. कॉइल हलली की पडदा हलतो आणि पडदा हलला की हवा हलते. माझं बोलणं म्हणजे एवढंच. हिल्डाबाईंनी माझ्या तारांना टॉर्चचा सेल टेकवला. मी "टप्" असं बोललो. त्या म्हणाल्या, "चांगला आहे हा. नरहरीभाऊ, तुम्हाला पाहिजे होता ना घरी न्यायला? हा न्या."

अण्णांना मी हवा होतो, कारण त्यांना एक लेक होती आणि ती गायची.

अक्षया तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. अण्णांनी सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, तिच्यात मला बसवलं. माझ्या डोक्यावर बारीक आवाजांसाठी एक छोटा स्पीकर बसवला. ओटीवरच्या कपाटात टेपरेकॉर्डर होता, त्याला माझी तार जोडली. अण्णांना स्वतःला गाता येत नव्हतं, पण कान असा होता की देवळात भजन चाललं असताना तबला किंचित उतरला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. गावातले भजनी त्यांना मुद्दाम पुढे बसवायचे.

मग घराला एक शिस्तच लागली. सकाळी अण्णा कामाला निघून जायचे. अक्षया रियाझाला बसायची, आणि शेवटी एक भूपाळी म्हणून ती कॅसेटवर भरून ठेवायची. संध्याकाळी अण्णा हातपाय धुऊन माझ्यासमोर पाटावर बसायचे. बटण दाबलं की सकाळची अक्षया माझ्यातून गायला लागायची. अण्णा डोळे मिटून ऐकत. मग सांगत, "इथे श्वास चोरलास," किंवा "हा सूर नुसता शिवून आलीस, थांबली नाहीस त्याच्यावर." तोंडभर कौतुक कधी नाही. फार झालं तर "हं, आज बरं होतं." त्या 'बरं होतं'साठी अक्षया दिवसभर वाट पाहायची. तिच्या गाण्याच्या बाई विरारला होत्या, त्यांचं नाव विनयाताई. पण अक्षयाचे खरे गुरू घरातच होते.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. उन्हाळ्यात ओटीवर केळीचे घड टांगलेले असायचे, नर्मदाबाई, म्हणजे अक्षयाची आई, बाजारात न्यायची फुलं निवडत बसायच्या, आणि माझ्या तोंडून त्यांच्या मुलीचा आवाज अंगणापर्यंत जायचा. रस्त्याने जाणारा माणूस थांबून ऐकायचा. एका वर्षी अण्णांनी मनाशी ठरवलं, की पोरीने रेडिओवर गायचं. आज तिचा आवाज कॅसेटवरून येतो, एक दिवस रेडिओवरून येईल. रेडिओची चाचणी मुंबईला असते, ती द्यायची. अक्षया कॉलेजात गेली होती. ती लाजली, पण नाही म्हणाली नाही.

त्याच सुमाराला घरात काही गमतीजमती व्हायला लागल्या. गमतीच वाटायच्या तेव्हा. अक्षया म्हणाली, "अण्णा, शिडी कुठे ठेवलीत?" अण्णा म्हणाले, "विडी? मी कधी ओढली विडी?" सगळे हसले, अण्णाही हसले. नर्मदाबाई मागच्या दारातून काही बोलल्या की ते म्हणायचे, "तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?"

एका संध्याकाळी भूपाळी ऐकता ऐकता त्यांनी आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवला. म्हणाले, "सूर येतोय, शब्द येत नाहीत. अक्षया, तू शब्द गिळायला लागलीस का?"

"नाही अण्णा. नीट म्हणते मी."

"मग मला का कळत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी तिने एकेक अक्षर जोर देऊन म्हटलं. ते सगळं मी जसंच्या तसं बाहेर काढलं, माझी शपथ. पण अण्णांची आठी गेली नाही. त्यांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. एवढा जोर माझ्या पडद्याला सोसला नाही. कडेला त्याला चीर पडली, कॉइल तिरकी झाली आणि चुंबकाला घासायला लागली. अक्षयाच्या गोड आवाजाला माझी खरखर लागली.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण त्या दिवशी अण्णांचा चेहरा उजळला. "बघ," ते अक्षयाला म्हणाले, "तुझा दोष नाही. हा स्पीकरच बिघडलाय. कधीपासून बिघडला असेल कोण जाणे. मी उगाच तुला बोललो."

अक्षयाही हसली. किती दिवसांनी हसली ती.

सुट्टीच्या दिवशी अण्णांनी मला जमिनीवर चादरीवर आडवं केलं. जाळी काढली. दोन्ही हातांची बोटं पडद्याच्या कडेला ठेवून अलगद खाली दाबलं. खर्र असा आवाज झाला, पण तो त्यांच्या कानांना नाही, बोटांना कळला. "कॉइल घासतेय," ते म्हणाले. छोट्या स्पीकरला वेगळा सेल लावून पाहिला. तो चांगला होता, टिक् टिक् बोलत होता. अण्णांनी कान जवळ नेला, मग आणखी जवळ नेला, आणि म्हणाले, "हा तर मेलाच आहे." अक्षया मागे उभी होती. ती म्हणाली, "नाही अण्णा, वाजतोय की." अण्णा म्हणाले, "कसला वाजतोय? काही नाही." ती पुन्हा बोलली नाही. अण्णांच्या कानापुढे आपला कान खरा धरायचा, हे त्या घरात कुणाला सुचतच नव्हतं.

त्यांनी हिल्डाबाईंना विचारून नवा पडदा, नवी कॉइल आणि नवा छोटा स्पीकर आणला. बाईंनी बजावलं होतं, "घाई नको हां नरहरीभाऊ. गोंद सुकला नाय तर परत खरखर." अण्णांनी घाई केली नाही. ब्लेडने माझा जुना पडदा कापून काढला. चुंबकाच्या फटीतली धूळ चिकटपट्टीने टिपून घेतली. नवी कॉइल मधोमध राहावी म्हणून जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या बारीक पट्ट्या तिच्याभोवती खोचल्या. गोंद लावला, वर उलटी थाळी ठेवली आणि मला तसंच राहू दिलं. नर्मदाबाईंना ओटी झाडू दिली नाही, धूळ बसेल म्हणून. गोंद सुकल्यावर पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या, आणि मधल्या भोकावर काळी टोपी चिकटवली. असं काम कारखान्यातसुद्धा माझ्यावर कुणी केलं नव्हतं. मी नव्यापेक्षाही चांगला झालो होतो.

मग ते माझ्यासमोर बसले. अक्षया दाराला टेकून उभी राहिली. बटण दाबलं गेलं. खरखर अजिबात नव्हती. अक्षयाची भूपाळी माझ्यातून अशी निघाली, की मलाच माझा हेवा वाटला.

अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं संपलं. त्यांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. मग पुन्हा लावली. शेवटी त्यांनी डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत म्हणाले, "स्पीकर आता एकदम ठीक आहे."

मित्रांनो, या वाक्याचा अर्थ दारातल्या मुलीला कळला. स्पीकर ठीक आहे, म्हणजे बिघाड तिच्यात आहे. मी दुरुस्त झालो आणि तिच्यावरचा आळ पक्का झाला. मोडकाच राहिलो असतो तर त्या पोरीला आणखी काही दिवस आसरा मिळाला असता.

त्यानंतर ती फार झगडली. शब्द पोचावेत म्हणून ताणून, ओरडून गायला लागली. कॅसेटवर मला ते कळायचं. आवाजातला मऊपणा उतरत चालला होता. विनयाताईंनी तिला विचारलं म्हणे, "अगं, एवढा जोर का लावतेस? कुणाला ऐकवतेयस?" तिने कारण सांगितलं नाही. वडिलांना आपले शब्द कळत नाहीत, हे बाहेर कसं सांगायचं?

चाचणी जवळ आली तसे अण्णा अस्वस्थ झाले. एका संध्याकाळी त्यांनी तिला माझ्याजवळ बसवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अक्षया, यंदा राहू दे."

"का अण्णा?"

"तिथे मोठी माणसं असतात. तुझे शब्द त्यांना कळले नाहीत तर ती तुला परत पाठवतील, आणि ते तुला लागेल. मला बघवणार नाही ते. पुढच्या वर्षी बघू."

पायाच्या अंगठ्याकडे पाहत ती म्हणाली, "तुम्हाला असं वाटतं ना? मग राहू दे."

नर्मदाबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले होते, पण त्या उठून बाहेर आल्या नाहीत.

पुढचं वर्ष आलं, पण अक्षयाने विषय काढला नाही. आधी कॅसेट भरणं थांबलं, मग सकाळचा रियाझ. विरारला जाणं बंद झालं. आवाज बसतो, घसा दुखतो, अभ्यास आहे, असं काहीतरी ती सांगायची. अण्णांनीही फार विचारलं नाही. त्यांना वाटलं, तिचं तिलाच कळलं असावं. पुढे बोईसरच्या मुलाशी तिचं लग्न झालं. लग्नात कुणीतरी आग्रह केला, "अक्षया, एक गाणं म्हण." ती हसून म्हणाली, "मला नाही येत गाणं."

मी मांडवात सनई वाजवत होतो. माझ्यापासून हाताच्या अंतरावर ती हे म्हणाली.

घर शांत झालं. अण्णा निवृत्त झाले, वाडीत रमले. माझ्यावर नर्मदाबाईंनी भरतकामाचा रुमाल टाकला आणि वर फुलदाणी ठेवली. अशा एका सकाळी नर्मदाबाईंनी गॅसवर डाळीचा कुकर चढवला, अण्णांना म्हणाल्या, "शिट्ट्या झाल्या की बंद करा," आणि वाडीत गेल्या. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच, फुलांचे पुडे बांधायला केळीच्या खोडाची सोपटं सोलत बसले. कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. मला ओटीवर ऐकू येत होत्या, नर्मदाबाईंना वाडीत ऐकू आल्या. त्या पळत आल्या तेव्हा डाळ करपून धूर निघत होता आणि अण्णा शांतपणे सोपटं सोलत होते.

"अहो, शिट्टी नाही ऐकलीत?"

"झालीच नाही शिट्टी," अण्णा म्हणाले. "मी इथेच तर आहे."

नर्मदाबाईंनी गॅस बंद केला. मग त्या अण्णांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साखर संपली. शेजारून आणते." अण्णा सोपटं सोलत राहिले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्याच दिवशी नर्मदाबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात जे झालं ते मी घरी त्यांच्याच बोलण्यातून ऐकलं. डॉक्टरांनी अण्णांच्या कानांवर यंत्र लावून तपासलं. म्हणाले, "जाड आवाज येतात यांना, बारीक आवाज गेलेत. स, श, त अशी अक्षरं बारीक आवाजात असतात. माणूस बोलतोय ते कळतं, काय बोलतोय ते कळत नाही." मग विचारलं, "काम कुठे करत होता?" अण्णा म्हणाले, "प्रेसवर." डॉक्टरांनी मान हलवली. "मग हे आजचं नाही. हळूहळू जातं हे. पुष्कळ वर्षांपूर्वी सुरू झालं असणार."

म्हणजे ज्या प्रेसवर माझा सांगाडा घडला, तिनेच अण्णांचे कान नेले होते.

घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. ओटीवर आले, माझ्यावरची फुलदाणी आणि रुमाल बाजूला ठेवला आणि कपाट धुंडाळून अक्षयाची एक कॅसेट काढली. लावली. मी जीव ओतून वाजलो. असा मी आयुष्यात वाजलो नव्हतो.

"नर्मदा, इकडे ये," ते म्हणाले. "ऐक आणि सांग. काय म्हणतेय ती?"

नर्मदाबाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. "सगळं म्हणतेय."

"शब्द कळतात?"

"एकेक अक्षर कळतंय."

"स म्हणते?"

"म्हणते."

"श?"

"म्हणते हो. सगळं स्वच्छ म्हणते."

अण्णांनी टेप बंद केली. त्यांचा हात बटणावरच राहिला. "तेव्हाही तुला कळत होतं?"

"कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

नर्मदाबाईंनी पदराने डोळे पुसले. "गाण्यातलं तुम्हाला कळतं. मला वाटायचं, मला कुठे काय कळतंय. तुम्ही म्हणता तर असेल काहीतरी."

अण्णा माझ्यासमोरच रडायला लागले. मी पुष्कळ माणसांचं रडणं ऐकलंय आणि वाजवलंय. पण अण्णांचं ते रडणं वेगळं होतं. स्वतःचं रडणं केवढ्याने होतंय हे त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांना ते आवरताही येत नव्हतं.

गणपतीला अक्षया माहेरी आली. अण्णांनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःला सोडलं नाही. म्हणाले, "बिघाड माझ्या कानात होता, आणि मी तो तुझ्या गळ्यात शोधत बसलो." ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. फक्त ती एकदम थकल्यासारखी दिसली, लांबून चालत आलेलं माणूस दिसतं तशी.

"आता एकदा म्हण," अण्णा म्हणाले. "माझ्यासाठी म्हण."

"अण्णा, सुटलंय ते माझं."

"जमेल तेवढं."

तिने कॅसेट लावली नाही, मला जोडलं नाही. अण्णांच्या समोर पाटावर बसली आणि भूपाळी सुरू केली. मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. आवाज चढत नव्हता. वरच्या सुरावर जाताना तो फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. पूर्वी या जागेवर अण्णांच्या कपाळाला आठी पडली असती. आता ते तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होते, आणि ओठांवरून शब्द वाचत मान डोलावत होते.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "सुंदर. अगदी पूर्वीसारखं. शब्दन् शब्द पोचला."

असं कौतुक त्यांनी तिचं कधी केलं नव्हतं. अक्षयाने त्यांच्याकडे पाहिलं. फाटलेला सूर त्यांना ऐकूच आलेला नाही, हे तिला कळलं. ते तिला कळलंय, हे अण्णांनाही कळलं असावं. ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "हो अण्णा. आज बरं झालं." मग चहा ठेवते म्हणून आत गेली. चहाला फार उशीर झाला, पण तिला हाक मारायला कुणी गेलं नाही.

त्यानंतर मला कुणी वाजवलं नाही. अण्णांनी मला माळ्यावर ठेवलं. ठेवण्याआधी पडदा पुसला, तारा गुंडाळून नीट बांधल्या. माझी तक्रार नाही.

पण तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या घरात गाणारं, बोलणारं, काही मनापासून करणारं कुणी असेल आणि ते तुमच्यापर्यंत पोचत नसेल, तर त्याला दोष देण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, "तुला येतंय का ऐकू?" एवढंच विचारा. आणि तुम्हाला ऐकू येत असेल तर कुणी न विचारताही सांगा. समोरचा माणूस कितीही जाणता असला, तरी सांगा. त्या घरात नर्मदाबाईंना ऐकू येत होतं, अक्षयाला स्वतःला ऐकू येत होतं, आणि मला तर सगळ्यांत जास्त येत होतं. त्या दोघींना बोलता येत होतं.

मला आवाज दिला होता, पण तो कायम दुसऱ्याचा होता. स्वतःचं एक वाक्य बोलायची मुभा मिळाली असती, तर त्या संध्याकाळी, पडदा बदलून झाल्यावर, मी तेवढंच म्हणालो असतो, "अण्णा, ती बरोबर गातेय."